थरथरणाऱ्या दगडांची रांग

ओनेलिया लाब्रादाने पहिल्यांदा मावसबहिणीकडून स्फटिक मागवले, तेव्हा पाणी प्यायचे सहा पेले आले.

चूक तशी कुणाचीच नव्हती. मान्सानियो शहरात काचेला आणि स्फटिकाला एकच शब्द चालतो. मावसबहीण दानाइस वर्षातून दोनदा विमानाने गयानाला जायची आणि चपला, साबण, स्कूटरचे टायर असलं काय काय आणून विकायची. ओनेलियाने तिला चिठ्ठी लिहून दिली होती, 'क्रिस्टल, सहा, सगळे अगदी एकसारखे.' दानाइसने जॉर्जटाऊनच्या बाजारात अर्धा दिवस घालवला, एकेक पेला उजेडात धरून पाहिला, आणि मग ते सहाही स्वतःच्या आतल्या कपड्यांत गुंडाळून सुखरूप घरी आणले.

"एकालाही टवका नाही!" ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ओनेलियाने तिला समोर बसवून समजावलं. "पेनड्राइव्ह आण. जुने. ज्यांच्या पोटात क्रिस्टल असतो, तसे." दानाइसने मान डोलावली आणि दहा कोरे करकरीत पेनड्राइव्ह आणले. सगळे काचेचे, बदामाच्या आकाराचे. कॉम्प्युटरला लावले की आतून निळा उजेड पडायचा.

"पोटातच कशाला?" दानाइस म्हणाली. "अख्खाच्या अख्खा क्रिस्टलचा मिळत होता, तोच आणला."

ओनेलियाने एक फोडून पाहिला. आत नखाएवढी चिप आणि निळा दिवा. बाकी ठणठणाट.

ओनेलिया एकोणसाठ वर्षांची. सव्वीस वर्षं तिने बंदरावरच्या रेडिओ केंद्रात काढली होती. निवृत्तीनंतर आवाज घशातच अडकायला लागला, म्हणून घरी छोटा रेडिओसंच बसवून ती जगभरच्या छांदिष्ट लोकांशी बोलायची. मागच्या उन्हाळ्यात वीज गेली, आली, आणि येताना एवढ्या जोरात आली की संच जळाला. नवा विकत घ्यायचा विचार मान्सानियोत कुणी करत नाही, तिनेही केला नाही. तिने तो हाताने बांधायला घेतला. तारा जुन्या पंख्यातल्या, बटणं मेलेल्या टीव्हीची, पेटी बिस्किटांच्या डब्याची. सगळं जमलं. अडलं ते फक्त चाळणीपाशी.

रेडिओत एका वेळी शंभर माणसं बोलत असतात. त्यांतला एकच आवाज वेगळा काढायला चाळणी लागते, आणि ती चाळणी क्वार्ट्झच्या स्फटिकांची होते. वीज दिली की हा दगड थरथरतो, आणि ठरल्या वेगानेच थरथरतो. ओनेलियाला सेकंदाला एक कोटी वीस लाख वेळा थरथरणारे दगड हवे होते. सहा. आणि त्या सहांमध्ये चाळीस-पन्नास थरथरींपेक्षा जास्त फरक चालणार नव्हता. नाहीतर चाळणी फाटलीच म्हणून समजा. तसे दगड जुन्या पेनड्राइव्हमध्ये असायचे. चिपशेजारी शेंगदाण्याएवढी चकचकीत डबी, तिच्यात दगड, तोच त्या पेनड्राइव्हचा ताल. नव्या पेनड्राइव्हची चिप स्वतःचा ताल स्वतःच धरते, तिला दगड लागत नाही.

तेव्हा ओनेलिया नऊ काचेचे बदाम पिशवीत घालून योसबेलकडे गेली.

योसबेल दर आठवड्याला हवानाहून येणाऱ्या मालिका, सिनेमे, गाणी लोकांना पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा. शहरात ज्याच्याकडे पेनड्राइव्ह आहे, तो सोमवारी त्याच्या खिडकीशी यायचाच.

"तुझ्याकडे जुने येत असतील ना?" ओनेलिया म्हणाली. "मला दे. त्याबदल्यात हे नवे घे."

योसबेलने बदाम लावून पाहिला. निळा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला. "मावशी, नवं द्यायचं आणि जुनं घ्यायचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे, हे मला माहीत आहे. म्हणजे यात काहीतरी आहे."

"आत एक दगड असतो. तो सेकंदाला एक कोटी वीस लाख वेळा थरथरतो. मला तसे सहा हवेत."

योसबेलने बदाम काढून बाजूला ठेवला. मग दुखावल्या आवाजात म्हणाला, "सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण मला असं मूर्खात काढू नकोस. तुझ्या मांडीवर खेळलोय मी."

त्याने तिला स्वतःचा एक जुना पेनड्राइव्ह दिला, उसना म्हणून. आणि ती गेल्यावर खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की ओनेलिया जुने पेनड्राइव्ह गोळा करतेय आणि कारण दडवतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जण दाराशी आले. आपापले पेनड्राइव्ह मुठीत. ओनेलिया त्यांना आत घेईपर्यंत रस्त्यावरून चाललेल्या एका बाईने ते पाहिलं आणि विचारलं, "शेवटचा कोण?"

"मी," तिसरा म्हणाला.

"मग मी तुमच्या मागे."

मान्सानियोत एवढं पुरतं. नऊ वाजता बारा माणसं होती, दहा वाजता चाळीस. एकाने तेलाची रिकामी बाटली आणली होती. एका बाईकडे अंड्यांचा ट्रे होता. एका म्हाताऱ्याने बायकोला पाठवून घरून खुर्ची मागवली. ओनेलिया दारात येऊन ओरडली, "अहो, इथे रेशनचं काही वाटप नाही!"

रांगेतून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "आधी असंच म्हणतात."

साडेदहाला गल्लीच्या समितीची अध्यक्ष ओर्तेन्सिया आली. जाडजूड बाई, काखेत पर्स, पर्समध्ये वही.

"कॉम्रेड ओनेलिया, कशाचं वाटप आहे?"

"कशाचंच नाही."

"मग ही रांग कशाची?"

"ते रांगेला विचार."

ओर्तेन्सियाने खरंच विचारलं. पहिल्या माणसाने सांगितलं की तो दगड दाखवायला आलाय. अकराव्याने सांगितलं की अंडी. तेविसावी म्हणाली, "मी या लाल टोपीवाल्याच्या मागे आहे, याहून जास्त मला माहीत नाही." ओर्तेन्सियाने थोडा विचार केला आणि वही काढली.

"वाटप नसलं तरी शिस्त पाहिजे," ती म्हणाली, आणि सगळ्यांना क्रमांक द्यायला लागली. सातवा क्रमांक तिने स्वतःला दिला. "अध्यक्ष म्हणून नाही हं. शेजारीण म्हणून."

ओनेलियाने कपाळावर हात मारला. मग तिच्या मनात आलं की आपण पेनड्राइव्ह शोधत दारोदार फिरणार होतो, ते चालत दारात आलेत. तिने टेबल दाराशी ओढलं. पेनड्राइव्ह उघडायचा, डबीचे दोन पाय सोल्डरिंगने सोडवायचे, दगड आपल्या मोजायच्या यंत्रात लावायचा, आकडा बघायचा, दगड परत होता तिथे बसवायचा. एकाला आठ मिनिटं. मध्ये वीज गेली की सगळं ठप्प, आणि रांग तिथेच सावलीला सरकून बसायची.

ओनेलिया आकडा आपल्या वहीत लिहायची. पण पहिल्याच माणसाने हात पुढे केला.

"मला कागद?"

"कसला कागद?"

"आकड्याचा. मी घरी काय सांगू? मोजून आलो, पण किती ते माहीत नाही?"

तिने चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "शिक्का?"

ओर्तेन्सिया लगेच घरी जाऊन शिक्का घेऊन आली.

तीन दिवसांत शहरात दुसरा विषय उरला नाही. पूर्ण आकडा फार लांब, म्हणून लोक शेवटचे तीनच सांगायचे. "मी नऊशे बारा. तू?" "मी सातशे चाळीस." ज्यांचा दगड एक कोटी वीस लाखांच्या पुढे थरथरला, ते जरा छाती काढून चालायला लागले. मागे पडलेले म्हणायचे की मागेच बरं, दगड झिजत नाही. एका घरी ठरलेलं लग्न अडलं, कारण मुलगा पुढचा निघाला आणि मुलगी बरीच मागची, आणि मुलीच्या आत्याला वाटलं की दोघांचा ताल कधी जुळणार नाही. ज्यांच्याकडे जुना पेनड्राइव्ह नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा मागून आणला, तेव्हा शेजारी कागदावर आपलं नाव घालण्यासाठी भांडायला आला. अंड्यांच्या ट्रेवाली बाई रोज यायची. तिने एकही पेनड्राइव्ह आणला नाही. तिला फक्त पहिला नंबर मिळेपर्यंत थांबायचं होतं.

"बाई, मी सांगितलं ना, अंडी नाहीत," ओनेलिया म्हणायची.

"मला कुठे घाई आहे?" ती म्हणायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ओनेलियाने वहीतले एकशे छत्तीस आकडे लावून पाहिले. तिच्या स्वतःच्या जुन्या पेनड्राइव्हचा शेवट आठशे एक्कावन्न. योसबेलचा आठशे सेहेचाळीस. तळलेले मासे विकणाऱ्या कुकाचा आठशे त्रेसष्ट. बग्गीवाल्या फेर्मिनचा आठशे अठ्ठावन्न. आणि सातव्या क्रमांकाच्या ओर्तेन्सियाचा आठशे बहात्तर. पाच दगड, सव्वीस थरथरींच्या आत. फक्त एक कमी.

तिने चौघांना बोलावलं. दगड द्या, बदल्यात काचेचा बदाम घ्या, तुमची गाणी-फोटो सगळं मी त्यात उतरवून देते, असं सांगितलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही बाई," कुका म्हणाली. "आजवर माझ्या नावावर विजेचं बिल सोडून कसलाही आकडा आला नाही. हा पहिला आलाय, तोही शिक्क्यासकट. तो मी देऊ?"

"दगड मोजला त्या दिवसापासून माझी घोडी नीट चालायला लागलीय," फेर्मिन म्हणाला. "दगड गेला आणि ती बिघडली तर?"

"घोडीचा आणि दगडाचा काय संबंध?"

"तेच तर कुणाला माहीत नाही."

ओर्तेन्सियाने घसा साफ केला. "मी देईन. पण तू हवेत बोलशील तेव्हा माझं नाव घेतलं पाहिजे. अध्यक्ष म्हणून नाही. दगडाची मालकीण म्हणून."

हे सगळ्यांनाच पटलं. ठरलं असं, की संच चालू झाला की पहिल्या माणसाशी बोलताना सहाही दगडवाल्यांची नावं घ्यायची. फेर्मिन म्हणाला, घोडीचंही. घोडीचं नाव मोरेना. ओनेलिया हो म्हणाली, दगडासाठी ती त्या वेळी घोडीच्या आईचंही नाव घ्यायला तयार होती.

सहावा मात्र मिळेना. आणखी साठ जण येऊन गेले. शेवटी कुका म्हणाली, "पलीकडच्याचा मोजलास का?"

पलीकडचा म्हणजे एरास्मो, ओनेलियाचा घटस्फोटित नवरा. अकरा वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले, पण शहरात दुसरं घर मिळणं म्हणजे दुसरा जन्म मिळण्यासारखं. म्हणून घराच्या मधोमध प्लायवूड उभं केलं, आणि तो तिकडे, ती इकडे. तो खोकला की हिला ऐकू यायचं. तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते.

एरास्मो जत्रेतला हाताने फिरवायचा ऑर्गन वाजवायचा. वाजवायचा म्हणजे हँडल फिरवायचा, पण त्यातच सगळं असतं. फिरवणाऱ्याचा हात अडखळला की नाचणारी शंभर माणसं अडखळतात. एरास्मोचा हात म्हणजे घड्याळ, असं लोक म्हणायचे. आणि कुकाच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला, भर अंगणात, ओनेलियाने त्याला ऐकवलं होतं, "घाई करतोयस." महिन्याभरात प्लायवूड आलं.

"त्याच्याकडे मी मागणार नाही," ओनेलिया म्हणाली.

"तू नको मागूस," ओर्तेन्सिया म्हणाली. "एका घराचा अर्धाच भाग मोजलाय, हे माझ्या वहीत बरं दिसत नाही." ती उठली, रस्त्यावरून वळसा घालून पलीकडच्या दारी गेली आणि एक काळा, कडेला दातांनी चावलेला पेनड्राइव्ह घेऊन आली.

आठशे पंचावन्न. वरच्यांच्या आणि खालच्यांच्या नेमका मध्ये.

ओर्तेन्सियाने अट आणली होती, तीही वहीत लिहून. पेनड्राइव्हवर एरास्मोने फिरवलेल्या त्रेचाळीस धुना होत्या. ओनेलियाने त्या सगळ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता ऐकायच्या. आणि मग त्यात घाई कुठे आहे ते सांगायचं.

पेनड्राइव्ह परत पलीकडे गेला. एरास्मोने आपल्या बाजूला धुना लावल्या आणि ओनेलिया आपल्या बाजूला प्लायवूडला टेकून, कागद-पेन्सिल घेऊन बसली. रांगेला तिने सुट्टी दिली, पण रांग गेली नाही, ऐकत बसली. तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी शेवटची धून थांबली आणि पलीकडे खुर्ची करकरली.

"एकोणीस," ओनेलिया प्लायवूडला म्हणाली.

मग पलीकडून आवाज आला, "काय एकोणीस?"

"एकोणिसाव्या धुनेत मध्यावर ढिला पडलायस. बाकी बेचाळीस ठीक."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक. माझ्या यंत्रालाही एवढं ठीक जमत नाही."

"एकोणिसावीला उजवा खांदा निखळला होता. मधूनच हात बदलला. डाव्याने फिरवलं."

"डाव्याने? मग छानच फिरवलंस."

रांगेतलं कुणीही हलेना.

"आणि त्या वाढदिवसाला?" एरास्मोने विचारलं.

"त्या दिवशी घाई केलीस."

"केली," तो म्हणाला. "भूक लागली होती. आत डुक्कर कापायला घेतलं होतं आणि मला सुरीचा आवाज येत होता."

"मग अकरा वर्षं हे का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे?"

प्लायवूडखालच्या फटीतून काळा पेनड्राइव्ह सरकत आला आणि तिच्या चपलेला लागून थांबला.

गुरुवारी चाळणी तयार झाली. चार वाजता दगडवाले जमले. योसबेल, कुका, इस्त्रीचा शर्ट घातलेला फेर्मिन, पर्स मांडीवर घेतलेली ओर्तेन्सिया. मोरेना बाहेर खिडकीशी बांधलेली. एरास्मो आपल्या दारातून बाहेर पडला, रस्त्यावरून फिरून ओनेलियाच्या दारात आला, टोपी काढली आणि भांबावून विचारलं, "शेवटचा कोण?"

"ये आत," ओनेलिया म्हणाली. "बस कुठेतरी."

तिने संच चालू केला. आधी नुसती खरखर. मग बटण फिरवता फिरवता खरखरीतून एक माणूस असा स्वच्छ बाहेर आला, की कुकाने मागे वळून दाराकडे पाहिलं. पराग्वेतला दातांचा डॉक्टर होता, दुपारचे रोगी संपवून बसलेला.

"आवाज सुरेख येतोय," तो म्हणाला. "संच कुठला तुमचा?"

"घरी बांधलेला, डॉक्टर. सहा दगडांची चाळणी आहे, आणि ते सहा जणांनी दिलेत. नावं घेते. पहिली मी, ओनेलिया."

"हं."

"दुसरा योसबेल. मालिका उतरवून देतो."

"नमस्कार सांगा."

योसबेल लाजून लाल झाला. ओनेलिया पुढे म्हणाली, "तिसरी कुका. तिच्या हातचे मासे खाल्लेत तर दात काढायचं विसराल. चौथा फेर्मिन, बग्गीवाला."

"घोडी!" फेर्मिन तिच्या कानात कुजबुजला.

"आणि मोरेना," ओनेलिया म्हणाली. "पाचवी..."

ओर्तेन्सियाने पाठ ताठ केली. त्याच क्षणी पराग्वे पाण्यात बुडाल्यासारखा खोल गेला. डॉक्टर काहीतरी म्हणाला, त्यातला 'मोरेना' एवढाच शब्द कळला, आणि नंतर खरखर. आकाशाचा लहरी स्वभाव, त्याला कुणी काय करणार! ओनेलिया पाऊण तास हाका मारत बसली. ओर्तेन्सिया पर्स बंद करून उठली आणि कुणाशी न बोलता गेली. एरास्मो म्हणाला, "मला चालतं. मी शेवटचाच होतो."

पाच महिन्यांनी पराग्वेहून कार्ड आलं. भेट झाल्याची आठवण म्हणून हे लोक एकमेकांना असं कार्ड धाडतात. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'ओनेलिया, योसबेल, कुका, फेर्मिन आणि कुमारी मोरेना यांस.' फेर्मिनने कार्ड तबेल्यासाठी मागितलं. ओनेलियाने दिलं नाही, हाताने नक्कल करून दिली.

ओर्तेन्सियाने मात्र हार मानली नव्हती. मधल्या काळात दर गुरुवारी चारला ती येऊन बसायची, एरास्मोच्या शेजारी, पराग्वेची वाट बघत. कधी व्हेनेझुएला लागायचा, कधी ब्राझीलमधली दोन माणसं आपापसांत टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलताना ऐकू यायची. ओर्तेन्सियाला त्यांपैकी कुणी नको होतं. कार्ड आलं त्या आठवड्यात तिने ठरवलं, आता जो लागेल त्याच्याशी बोलायचं.

लागला तो होन्डुरासजवळच्या एका मालवाहू जहाजावरचा आचारी. ओनेलियाने माइक तिच्या हातात दिला. ओर्तेन्सिया उभी राहिली. पूर्ण नाव, आईकडचं आडनाव, गल्ली, समिती, पद आणि शेवटी 'आठशे बहात्तर' एवढं तिने एका दमात सांगितलं.

आचारी घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, कुणी बुडतंय का?"

"नाही," ओर्तेन्सिया म्हणाली.

"मग बोला ना."

ओर्तेन्सियाने ओनेलियाकडे पाहिलं, मग एरास्मोकडे. इतके महिने ती नाव सांगायला आली होती. पुढचं काही आणलंच नव्हतं. ती हळूच खुर्चीत बसली, माइक दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "काय शिजवताय आज?"

"भात आणि काळे घेवडे," आचारी म्हणाला. "पण जिरं संपलंय हो."

"थोडा ओवा असेल तर बघा," ओर्तेन्सिया म्हणाली, आणि मग पुढचा अर्धा तास कुणाला मध्ये बोलू दिलं नाही.